सहा माणसं आणि एक जांभूळ

मागच्या रविवारी आमच्या कॉलनीच्या समितीची बैठक झाली. कागदावर पाच विषय होते. पाण्याची मोटर, चौकीदाराचा पगार, गणपतीची वर्गणी, मोकाट कुत्री आणि पाचवा, "झाडांची साफसफाई". पहिल्या चार विषयांवर दोन तास भांडण झालं. पाचवा विषय दहा मिनिटांत मंजूर व्हायला निघाला होता. सगळ्यांना जेवणाची घाई होती. मी हात वर केला तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी विचारलं, साफसफाई म्हणजे नेमकं काय? तर म्हणे, ओपन स्पेसमधलं मोहाचं झाड, जांभूळ आणि नाल्याकाठचे दोन अर्जुन कापायचे, करंजाची रांग "वरून मारायची", मग तिथे पेव्हर ब्लॉक, चार पाम आणि दिवे लावायचे. खर्च? काहीच नाही. ठेकेदार लाकडाच्या बदल्यात फुकटात कापून देतो आहे.

साफसफाई घराची करतात, गटाराची करतात. झाडाची साफसफाई हा शब्द कुठून आला? शब्दातच निकाल लावून टाकला की वाद घालायला काही उरत नाही. "झाडं कापू या" असं कुणी म्हणालं असतं तर दोनचार जण तरी थबकले असते.

कारणं पुष्कळ निघाली. जांभळाने फरशी जांभळी होते. मोहाखाली पहाटे बाहेरच्या बाया फुलं वेचायला येतात, कॉलनीची सुरक्षा राहत नाही. नाल्याकडून साप येतात. पक्षी गाडीवर घाण करतात. एकाच्या सोलर पॅनेलवर दुपारी तीननंतर सावली येते. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्या आवाजात: "झाड पडून कुणी मेलं तर जबाबदार कोण?"

मी बोलायला लागले तसे शेजारचे भाऊ हसत म्हणाले, "भाभी, तुम्ही जैन. तुम्हाला तर कोथिंबिरीची जुडी निवडतानाही वाईट वाटत असेल. तुमचं मत आम्हाला ठाऊकच आहे."

त्यांना माझं मत ठाऊक नव्हतं. मलाही ते तीन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं. म्हणून आधी माझाच कच्चा हिशोब मांडते, मग इतरांचा मागते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गेटजवळ एक गुलमोहर होता. कॉलनी झाली तेव्हा लावलेला, मे महिन्यात लालबुंद व्हायचा. एका पावसाळ्यानंतर त्याच्या बुंध्याशी कानासारखी, लाकडासारखी कडक अळंबी उगवली. झाड किंचित रस्त्याकडे कललं होतं. चौकीदाराने सांगितलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, ते झाड हालते जी." समितीने कापायचं ठरवलं आणि मी उभी राहिले. झाडात जीव आहे, एकेंद्रिय असला तरी जीव आहे, आमच्या धर्मात वनस्पतिकाय म्हणून त्याची गणना आहे, असं भाषण मी ठोकलं. टाळ्या पडल्या. झाड वाचलं. मी आठवडाभर स्वतःवर खूश होते.

पुढच्या जूनमध्ये मिरगाआधीच्या वादळात तो गुलमोहर मुळासकट आडवा झाला. गेटच्या टिनाखाली कामवाल्या बाईंची मुलगी आईची वाट पाहत उभी होती. तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. आत सळई घातली. अजून तिला भरली बादली उचलता येत नाही. दवाखान्यात तिच्या आईने मला एकच वाक्य म्हटलं, तेही रागाने नाही, "मी त तुमाले सांगतलं होतं ना काकू." इलाजाचा खर्च मी दिला. खर्च देणं म्हणजे भरपाई नव्हे, हे मला कळतं.

तत्त्वार्थसूत्राच्या व्याख्येत हिंसा ही प्रमादातून होते. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेपर्वाई. पाठशाळेत आम्ही हे पाठ केलं होतं. मी झाडाच्या बाजूने बोलले, पण मी झाडाकडे पाहिलं नव्हतं. खाली वाकून ती अळंबी पाहिली नाही. माझी अहिंसा ही त्या दिवशी निव्वळ प्रमाद होती. म्हणून कुणी मला म्हणत असेल की "जैन बाई आहे, ती नाहीच म्हणणार", तर त्यांना सांगते, बाबांनो, त्या "नाही"ची किंमत एका पोरीच्या हाताने दिली आहे. मी आता फुकटात नाही म्हणत नाही, आणि फुकटात होही म्हणत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. तो गुलमोहर का पडला? वादळाने पाडला असं आम्ही सगळे म्हणतो. त्याच्या पडण्याच्या दोन वर्षं आधी पाण्याची नवी पाइप टाकायला त्याच्या अगदी बुंध्याजवळून, एका बाजूने खोल नाली खणली होती. मनगटाएवढी मुळं कुदळीने तोडली, ती मी स्वतः ढिगाऱ्यात पाहिली होती. दुसऱ्या बाजूला बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक बसवले. झाडाची बहुतेक मुळं पाताळात जात नाहीत. ती वरच्या हात-दोन हात मातीत आडवी पसरतात, फांद्यांच्याही पलीकडे जातात, कारण हवा आणि पाणी तिथेच मिळतं. एका बाजूची मुळं तोडली, दुसऱ्या बाजूचा श्वास कोंडला, जखमेतून बुरशी शिरली. मग वारा आला. वाऱ्याने शेवटचा धक्का दिला, पाडायची तयारी आम्ही केली होती. सभेच्या वहीत मात्र "नैसर्गिक आपत्ती" अशी नोंद आहे.

२०१३ साली राष्ट्रीय हरित अधिकरणाने दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, खिळे आणि पाट्या काढा असा आदेश दिला होता. एक मीटर म्हणजे आपल्या साडीचा पन्हा, त्याहून जास्त नाही. तेवढी माती आपण झाडाला देऊ शकत नाही? अंगणात तुळशीला वृंदावन बांधून देणारे आपण, मोहाच्या बुंध्याशी सिमेंट ओततो आणि त्याला "सौंदर्यीकरण" म्हणतो.

आता "वरून मारणं" या प्रकाराबद्दल. करंजाची रांग वरून मारायची म्हणजे शेंडा आणि जाड फांद्या सरसकट छाटून खुंट उभे ठेवायचे. लोकांना वाटतं झाड लहान झालं, धोका गेला. उलट होतं. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतून पाहिली. त्यांचं सांगणं असं की, आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंत घालतं आणि तो भाग बंद करून पुढे वाढतं. लहान जखम बंद करता येते. मांडीएवढी फांदी मधोमध कापली तर ती बंद व्हायच्या आत कुजायला लागते. त्या कुजक्या खुंटावर मग भराभर धुमारे फुटतात. ते आतल्या लाकडात रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात आणि वादळात तेच आधी तुटतात. म्हणजे ज्या भीतीने छाटणी केली तीच भीती आपण पैसे देऊन विकत आणली.

बरोबर छाटणी अवघड नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. ते कडं राखून, त्याच्या लगेच बाहेर कापायचं. जड फांदी असेल तर आधी खालून थोडी चीर द्यायची, मग जरा पुढे वरून कापायचं, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याशी काढायचा, म्हणजे साल फाटत नाही. एका वर्षात पर्णभाराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढायचं नाही. हे मला कुणी विद्यापीठात शिकवलं नाही, मी बी. ए. मराठी. पण ज्या बाईला पोळपाट-लाटणं कळतं तिला हे एका सकाळी कळतं. समितीतल्या दोन इंजिनिअरांना न कळायचं कारण नाही.

आणि ठेकेदार. जो माणूस लाकडाच्या बदल्यात झाड कापतो, त्याला कुठलं झाड धोकादायक दिसेल? पोकळ, वाकडं, कुजलेलं झाड त्याच्या कामाचं नाही. त्याला सरळ, भरीव खोडाचा अर्जुन धोकादायक दिसणार. त्याची यादी पाहा: नाल्याकाठचे दोन्ही अर्जुन त्यात आहेत, जे नाल्याची दरड धरून उभे आहेत आणि ज्यांच्याखाली कुणी बसत नाही. पण गेटच्या दुसऱ्या बाजूचा गुलमोहर, ज्याची एक जाड फांदी पूर्ण वाळली आहे आणि ज्याच्याखाली रोज शाळेची बस थांबते, तो त्यात नाही. गुलमोहराचं लाकूड कोण घेतो? मी ठेकेदाराला चोर म्हणत नाही. तो त्याचा धंदा करतो. पण रोग्याच्या दागिन्यांवर फी ठरवणाऱ्या वैद्याकडून आपण निदान करून घेतो आहोत.

"म्हणजे तुमचं म्हणणं काहीच कापू नये?" असं मला विचारलं गेलं. नाही. आपण बालाघाटचे लोक आहोत, निम्म्याहून जास्त जंगल असलेल्या जिल्ह्यात राहतो, आपल्याला असा भाबडेपणा शोभत नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी मंडला, दिंडोरी आणि आपल्या बैहरकडच्या सालवनात साल पोखरणाऱ्या भुंग्याची साथ आली होती, ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. उभी झाडं भुशासारखी आतून रिकामी झाली. तेव्हा वनखात्याने एक जुना उपाय केला. पावसाळ्याच्या तोंडाला थोडी झाडं कापून, त्यांची साल ठेचून ठेवायची. त्या रसाच्या वासाने भुंगे गोळा होतात. गावकरी ते वेचायचे आणि वनखातं त्यांना मोजून पैसे द्यायचं. किती रोगट झाडं तोडायची यावरचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते सालवृक्षाखाली, ऋजुबालिका नदीच्या काठी. त्या सालासाठी भुंगे मारायचे, हा विचार माझ्या गळ्याखाली आजही सहज उतरत नाही. पण काही झाडं कापून जंगल वाचवण्याची वेळ येते, हे मी मान्य करते. फरक एवढाच की तिथे आधी झाडं मोजली, त्यांचे प्रकार पाडले, वाद घातला, कुणीतरी उत्तर दिलं. आपण दहा मिनिटांत, जेवणाआधी उरकतो.

आणि कायदा? मध्यप्रदेशात शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा २००१ पासून आहे. त्यात वृक्ष अधिकारी नेमायची तरतूद आहे, त्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या अंगणात का असेना. महाराष्ट्रात असा कायदा १९७५ पासून आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात परवानगीविना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. आमच्या समितीच्या वहीत परवानगी हा शब्दच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "आपली खासगी जागा आहे." ती खासगी नाही, ती सामाईक आहे. सामाईक म्हणजे कुणाचीच नाही असं नव्हे, सगळ्यांची. ज्याच्या सोलरवर सावली पडते त्याची जेवढी, तेवढीच माझी, आणि उद्या जे घर विकत घेतील त्यांचीही.

नागपूरच्या अजनी रेल्वे कॉलनीचं उदाहरण फार जुनं नाही. २०२०-२१ मध्ये तिथल्या हजारो झाडांवर मोठ्या वाहतूक प्रकल्पाची कुऱ्हाड यायची वेळ आली, तेव्हा रहिवासी आणि कॉलेजची पोरं झाडांखाली जाऊन उभी राहिली. मुंबईत आरेत ऑक्टोबर २०१९ च्या एका रात्रीपासून दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा आपण टीव्हीसमोर हळहळलो. तिथे समोर सरकार होतं. शत्रू दूर असला की हळहळणं सोपं जातं. इथे समोर कोण आहे? जे कालपर्यंत दिवाळीला फराळाचं ताट आणून देत होते ते. आणि आपण.

आता माझ्या मूळ गोष्टीकडे येते. आमच्या बहुतेक मंदिरांच्या भिंतीवर एक चित्र असतं. सहा भुकेली माणसं एका फळझाडापाशी येतात. कुणी ते आंब्याचं म्हणतं, कुणी जांभळाचं. पहिला म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, खोड कापू. तिसरा, मोठ्या फांद्या तोडू. चौथा, लहान डहाळ्या पुरे. पाचवा, फक्त फळं तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचून पोट भरतं की. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल, अशा या सहा लेश्या, म्हणजे मनाचे सहा रंग. लहानपणी कारंज्याच्या मंदिरात आजी मला विचारायची, "तू यातली कोणती गं?" मी अर्थातच सहावी म्हणायची.

बैठकीत बसल्या बसल्या मला ते चित्र आठवलं आणि मी एकेकाला मोजत गेले. मुळापासून काढणारे होते, खोड कापणारे होते, वरून मारणारे होते. भुकेला मात्र एकही नव्हता. चित्रातल्या पहिल्या माणसाला निदान भूक तरी लागली होती. आपल्याला फरशी स्वच्छ हवी आहे.

आणि सहावी कोण? पहाटे साडेचारला टोपली घेऊन येणाऱ्या, मोहाची पडलेली फुलं वेचणाऱ्या त्या बाया. फांदी ओढत नाहीत, झाड हलवत नाहीत. रात्रभरात टपटप पडलेलं तेवढं उचलतात आणि उजाडायच्या आत जातात. मोहाचं झाड कॉलनीच्या आधीचं आहे, त्यांच्या सासवाही तिथेच वेचत होत्या. शुक्ल लेश्या आपल्या गेटातून रोज आत येते आणि आपण तिला "बाहेरचे लोक" म्हणून सुरक्षेचा प्रश्न करतो. जंगलात काही जण फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवे लागतात, हे खरं. पण आमच्या कॉलनीत पाला जाळतं कोण? चौकीदार, समितीच्या हुकमाने, दर रविवारी. त्या धुराने पाचव्या घरातल्या आजोबांचा दमा वाढतो, त्याची तक्रार मात्र कुणी विषयपत्रिकेवर घेत नाही.

पुढच्या बैठकीला मी लेखी प्रस्ताव देणार आहे, तो इथेही लिहून ठेवते.

प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा आणि वहीत एक पान. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास पानं गळल्यावर आणि मिरगाआधी, तीन जणांनी फिरून पाहायचं. बुंध्याशी अळंबी आहे का, माती उचलली आहे का, खोडाला चीर आहे का, कुठली फांदी वाळली आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याच्याखाली काय आहे. नाल्याकाठच्या पोकळ झाडाखाली कुणी नसेल तर त्या पोकळीत तांबट, पोपट आणि पिंगळा सुखाने राहू द्या. तीच पोकळी बसथांब्यावर असेल तर लगेच जाणकार बोलवा. सांगणारा चौकीदार असो की कामवाली बाई, तिचं म्हणणं वहीत त्याच दिवशी लिहायचं. हे कलम मी सगळ्यात वर ठेवलं आहे, का ते तुम्हाला कळलं असेल.

छाटणीची मजुरी पैशात द्यायची, लाकडात नाही. कापायचंच ठरलं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, कारण लिहून, सह्या करून. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी. नाली खणायची तर झाडापासून लांबून. पाला जाळायचा नाही, कोपऱ्यात खड्डा करून कुजवायचा, खत बागेलाच लागतं. नवीन लावायचं तर पाम नको. मादागास्करचा गुलमोहर पुष्कळ झाला, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली तो कोनोकार्पसही नको. बहावा, कडुनिंब, करंज, जांभूळ आहेत की. जांभळाखाली मे-जूनमध्ये जुनी चादर अंथरा, फरशीही वाचेल, फळंही मिळतील.

या प्रस्तावात एक झाड कापायचंही आहे. गेटजवळचा तो दुसरा गुलमोहर. त्याची मी नीट पाहणी केली, यावेळी खाली वाकून. वाळलेल्या फांदीखेरीज बुंध्यावर हात ठोकला तर पोकळ वाजतो, आणि त्याच कानासारख्या अळंब्या उगवल्या आहेत. बस हलवता येईल का ते आधी पाहू. रस्ता अरुंद आहे, बहुधा नाही. मग परवानगीच्या अर्जावर पहिली सही माझी असेल. त्या दिवशी मी उपवास करीन, तो माझा प्रश्न. पण सही करीन.

आणि मोह, जांभूळ, दोन अर्जुन यांच्यासाठी ज्यांना सही करायची आहे त्यांनीही माझ्यासारखं खाली वाकावं, बुंध्याला हात लावावा, आणि काय दिसलं ते वहीत स्वतःच्या नावाने लिहावं. "साफसफाई" हा शब्द चालणार नाही.